पाना उचलण्याआधी: कणत्वरकातली व्हॅक्यूम गळती शोधणे आणि बुजवणे

बीमलाइनवरचा (कणांचा झोत वाहणाऱ्या निर्वात नळीवरचा) दाबमापक गेज रात्रीतून मायनस ९ वरून मायनस ७ वर आला आहे. आयन पंपाचा (वायूचे रेणू विद्युतभारित करून धातूत गाडणाऱ्या पंपाचा) करंट वाढला आहे. इंटरलॉकने (आपोआप चालणाऱ्या सुरक्षा यंत्रणेने) गेट व्हॉल्व्ह बंद करून बीम तोडला आहे, आणि ज्यांची पाळी होती ते संशोधक दारात उभे आहेत. अशा वेळी काय करायचे आणि कोणत्या क्रमाने, ते पुढे दिले आहे. कुलाब्याच्या टीआयएफआर या संशोधन संस्थेतला पेलेट्रॉन त्वरक असो, इंदूरचा इंडस-२ सिंक्रोट्रॉन असो किंवा एखाद्या विद्यापीठातला छोटा आयन त्वरक, क्रम तोच राहतो. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ उभ्या राहणाऱ्या लायगो-इंडिया या गुरुत्वीय लहरींच्या वेधशाळेतही हेच कौशल्य लागेल. तिथे फक्त नळी ४ किलोमीटर लांबीच्या दोन भुजांची असेल.

आधी भाषा ठरवू. ‘मायनस ९’ म्हणजे १० चा उणे नववा घात, एकक मिलिबार. बाहेरच्या हवेचा दाब १०१३ मिलिबार, म्हणजे नळीत त्याचा साधारण लाख कोटीवा भाग उरलेला असतो. गळतीचे एकक मिलिबार-लिटर प्रति सेकंद. १ मिलिबार-लिटर म्हणजे बाहेरची साधारण १ घन सेंटिमीटर हवा. मायनस ३ च्या गळतीतून एवढी हवा आत यायला १७ मिनिटे लागतात, मायनस ६ मधून साडेअकरा दिवस आणि मायनस ९ मधून जवळजवळ ३२ वर्षे. साबणाच्या फेसाने सायकलची ट्यूब तपासतात तशी ही गळती दिसत नाही, आणि अंदाजाने बोल्ट आवळून ती थांबतही नाही.

दाब आणि गळती यांचे नाते सोपे आहे: गळतीला पंपाच्या प्रत्यक्ष वेगाने भागले की दाब मिळतो. पंपाचा वेग सेकंदाला १०० लिटर असेल आणि दाब मायनस ७ वर अडला असेल, तर मायनस ५ ची गळती, किंवा तेवढाच वायू भिंतींतून सुटतो आहे. या दोहोंतला फरक ओळखणे हे निम्मे काम आहे.

आधी नोंदी वाचा

गेल्या आठवड्याचे दाब, पंपांचा करंट, थंड पाण्याचे तापमान आणि बीमचा प्रवाह हे सगळे आलेख एकाच वेळपट्टीवर काढा. दाबाने एका क्षणात पायरी घेतली असेल तर काहीतरी फुटले किंवा हलले: बेलोज (घडीदार लवचीक नळी), सिरॅमिक फीडथ्रू (नळीच्या भिंतीतून तार आत नेणारा जोड), कुणाचा तरी धक्का. दिवसेंदिवस हळूहळू चढला असेल तर गंज, सैल होत चाललेला जोड किंवा थकत आलेला पंप. बीम असतानाच चढत असेल आणि बीम बंद केल्यावर उतरत असेल, तर बहुधा गळती नसून भिंत तापून वायू सोडते आहे. दुपारी चढतो, पहाटे उतरतो असे असेल तर हॉलचे एसी आणि शीतक पाणी बघा.

गेजवरही आंधळा विश्वास नको. कोल्ड कॅथोड गेज मळला की खोटे बोलतो. आयन पंपाच्या करंटमध्ये उच्च विद्युतदाबाच्या कनेक्टरवरून होणारी विजेची गळती मिसळलेली असू शकते, आणि पावसाळ्यात कनेक्टरवर ओल धरली तर ती हमखास असते. दोन स्वतंत्र साधने एकच गोष्ट सांगत असतील तरच पुढे जा.

नोंदी वाचण्याचा आग्रह का, याचे सर्वात महागडे उदाहरण जिनिव्हाजवळच्या सर्नमधले आहे. १९ सप्टेंबर २००८ रोजी लार्ज हॅड्रॉन कोलायडरच्या ३-४ या सेक्टरमध्ये (विभागात) प्रवाह ८.७ किलोअँपिअरवर असताना दोन चुंबकांमधला अतिवाहक जोड निकामी झाला. त्या जोडाचा रोध साधारण २२० नॅनोओहम असावा, असे नंतरचे अनुमान आहे. चांगला जोड १ नॅनोओहमच्याही खाली असतो. तिथे पेटलेल्या विद्युत ज्वालेने हेलियमचे कवच फोडले. सुमारे ६ टन हेलियम निसटले, जड चुंबके जागेवरून सरकली, बीमची नळी काजळीने माखली. ५३ चुंबके वर काढावी लागली आणि यंत्र पुन्हा सुरू व्हायला नोव्हेंबर २००९ उजाडला. त्याआधीच्या चाचण्यांच्या तापमान-नोंदी नंतर उकरून पाहिल्या, तेव्हा त्याच भागात सुमारे १० वॅट जास्तीची उष्णता निघत असल्याचे सापडले. माहिती होती, तिच्याकडे त्या नजरेने कुणी पाहिले नव्हते. व्हॅक्यूम बिघडल्याचे दिसते तेव्हा मूळ दुखणे कधी कधी विजेचे असते, ते असे.

सेक्टर वेगळा करा, दाब चढताना बघा

दोन्हीकडचे गेट व्हॉल्व्ह बंद करून एकेक सेक्टर अलग करा. ज्याचा दाब वर राहतो तो आपला. आता त्याचे पंप बंद करा किंवा व्हॉल्व्हने तोडा, आणि दाब दर अर्ध्या मिनिटाला लिहून घ्या. सेक्टरचे आकारमान १०० लिटर असेल आणि १,००० सेकंदांत दाब मायनस ४ पर्यंत चढला, तर १०० गुणिले १० चा उणे चौथा घात भागिले १,०००, म्हणजे मायनस ५ ची गळती.

आकड्याइतकाच आलेखाचा आकार महत्त्वाचा. खरी गळती सरळ रेषेत चढत राहते, कारण बाहेरची हवा थकत नाही. भिंतींतून सुटणारा वायू आधी भराभर चढतो आणि मग वाकून सपाट होत जातो.

दोन फसवे प्रकार लक्षात ठेवा. बंद केलेला आयन पंप स्वतःच थोडा वायू परत सोडतो, त्यामुळे पहिल्या दोन-तीन मिनिटांचे आकडे सोडून द्या. आणि नळीला आतून नेग म्हणजे वायूशोषक धातूचा लेप असेल, तर तो नायट्रोजन-ऑक्सिजन गिळतच राहतो. चढताना दिसतो तो प्रामुख्याने आर्गॉन आणि मिथेन. हवेत आर्गॉन जेमतेम १ टक्का. म्हणजे हिशेबात आलेली गळती खऱ्या गळतीच्या शंभराव्या हिश्शाएवढीच दिसू शकते.

वायू कोणता, ते विचारा

अवशिष्ट वायू विश्लेषक, बोलीत आरजीए, हे यंत्र नळीत उरलेल्या वायूंची वस्तुमानानुसार शिखरे दाखवते. वाचायला फार शिकावे लागत नाही. १८ आणि १७ वर पाणी. २ वर हायड्रोजन. नीट भाजलेल्या (पंप चालू ठेवून तापवून वायू काढलेल्या) स्टेनलेस स्टीलच्या नळीत हेच सर्वात उंच असायला हवे. ४१, ४३, ५५, ५७ असा दात विचकलेला पट्टा दिसला तर तेल, म्हणजे रफिंग पंपाचे (सुरुवातीचा उपसा करणाऱ्या पंपाचे) तेल मागे आले किंवा कुणी उघड्या बोटांनी काम केले.

२८ ची भानगड वेगळी. नायट्रोजन आणि कार्बन मोनॉक्साइड दोन्ही २८ वरच येतात. १४ वर चांगले शिखर असेल तर नायट्रोजन. १२ आणि १६ वर असेल तर कार्बन मोनॉक्साइडचा संशय घ्या. हवा आत येत असेल तर ३२ वर ऑक्सिजन, २८ च्या साधारण चौथा हिस्सा, दिसायला हवा. पण ऑक्सिजनला तापलेली तार आणि शोषक लेप खाऊन टाकतात, म्हणून ३२ नाही म्हणजे गळती नाही असे समजू नका. ४० वरचा आर्गॉन हा भरवशाचा साक्षीदार. तो निष्क्रिय, त्याला तार किंवा लेप गिळत नाही, आणि हवेशिवाय तो येणार कुठून? आर्गॉन ठरावीक अंतराने उसळून खाली बसत असेल, तर आयन पंप बराच काळ हवा ओढतो आहे आणि आता त्याला ढेकर येत आहेत असे समजा.

फक्त पाणी आणि हायड्रोजन जास्त असेल, ४० शांत असेल, तर हेलियमचा सिलिंडर हॉलमध्ये आणूच नका. सेक्टर पुन्हा भाजायला हवा, शोधायला नव्हे.

हेलियमने शोध

जोडांवर बाहेरून हेलियम फवारायचा आणि तो आत शिरला का ते लीक डिटेक्टर या हेलियम ओळखणाऱ्या यंत्रावर बघायचे. हेलियम का? हवेत तो दशलक्षात फक्त ५ भाग असतो, म्हणून पार्श्वभूमी स्वच्छ. अणू लहान, बारीक चिरीतूनही घुसतो. आणि कशाशी संयोग पावत नाही.

लीक डिटेक्टर अर्धा तास आधी चालू ठेवा आणि त्याच्या प्रमाणित गळतीने कॅलिब्रेट करा. तो थेट नळीला न जोडता टर्बो पंपाच्या (वेगाने फिरणाऱ्या पात्यांनी वायू उपसणाऱ्या पंपाच्या) मागच्या, म्हणजे रफिंगच्या बाजूला जोडावा; टर्बो पूर्ण वेगाने फिरत असतो आणि सगळा हेलियम त्याच वाटेने डिटेक्टरकडे जातो. रफिंग पंपाचा व्हॉल्व्ह बंद करून संपूर्ण प्रवाह डिटेक्टरने घेतला तर संवेदनशीलता सर्वाधिक मिळते. आयन पंप बंद ठेवा, नाहीतर आपला हेलियम तोच घेऊन बसेल. पार्श्वभूमी शोधायच्या गळतीच्या किमान दहापट खाली आली की मगच फवारणी.

मग प्रतिसादाची वेळ काढा. नळीचे आकारमान भागिले त्या टोकाला हेलियमसाठी मिळणारा पंपाचा वेग. ३०० लिटरला ३० लिटर प्रति सेकंद मिळत असेल तर १० सेकंद. त्याच्या तिप्पट, म्हणजे ३० सेकंद थांबल्यावर ९५ टक्के संकेत दिसतो. बारीक आणि लांब नळीत दूरच्या टोकाला प्रत्यक्ष वेग फार कमी पडतो, त्यामुळे तिथे मिनिटभरही थांबावे लागते. शोध फसतो तो बहुतेक वेळा इथेच: घाईने पुढच्या फ्लॅंजवर (नळीच्या टोकाच्या, बोल्टने जोडायच्या चकतीवर) जायचे, आणि मागच्या फ्लॅंजचा संकेत पुढच्याच्या नावावर लिहायचा.

फवारणीचा प्रवाह कमीत कमी ठेवा. फवाऱ्याच्या नळीचे टोक आयसोप्रोपिल अल्कोहोलच्या वाटीत बुडवल्यावर सेकंदाला एखाददुसरा बुडबुडा, बास. हेलियम हवेपेक्षा हलका, वर जातो. म्हणून वरच्या जोडापासून सुरुवात करून खाली या. खालून सुरुवात केली तर वरची गळती खालच्या जोडाला बदनाम करते. पंखे बंद, एसीचा झोत बंद.

कॉन्फ्लॅट फ्लॅंजच्या (सुरीसारखी कड तांब्याच्या गॅस्केटमध्ये रुतवणाऱ्या फ्लॅंजच्या) कडेला समोरासमोर दोन खाचा असतात. त्या याच कामासाठी आहेत, हेलियम तिथेच सोडा. संकेत आला की शेजारचे जोड पॉलिथिन आणि टेपने झाकून पुन्हा करा. मग इंजेक्शनच्या सुईने कडेकडेने फिरून जागा काही मिलिमीटरपर्यंत आणता येते. गळतीचा आकडा हवा असेल तर सगळ्या फ्लॅंजला पिशवी बांधून ती हेलियमने भरा.

इथे काही सापळे आहेत. व्हायटनची ओ-रिंग असलेल्या जोडावर हेलियम बराच वेळ राहिला तर तो रबरातून पाझरून आत येतो आणि काही मिनिटांनी संकेत हळूहळू चढतो. ही गळती नव्हे. खरी गळती प्रतिसादाच्या वेळेत उठते आणि फवारा काढला की उतरते. अल्कोहोल किंवा ॲसिटोनने पुसलेली जागा लगेच तपासू नका, कारण द्रव बारीक चिरीत शिरून ती तात्पुरती बुजवतो. दोन तासांनी तीच गळती परत येते आणि आपण दुसऱ्याच सेक्टरमध्ये असतो. बेरिलियमच्या खिडकीला तर हात लावू नका; पत्रा अतिशय पातळ असतो आणि त्याची भुकटी विषारी.

हेलियम गप्प, पण आर्गॉन बोलतो

अशा वेळी आभासी गळतीचा संशय घ्या: नळीच्या आतच कुठेतरी कोंडलेली हवा हळूहळू सुटत असते. आंधळ्या भोकात आवळलेला स्क्रू, आतून-बाहेरून दुहेरी वेल्ड केलेला जोड, एकमेकांवर घट्ट बसलेल्या दोन पट्ट्या, ही तिची घरे. खात्री करायची युक्ती अशी की सेक्टर एकदा कोरड्या आर्गॉनने भरा, काही तास ठेवा, पुन्हा पंप करा. आभासी गळती असेल तर आता २८ ऐवजी ४० वर शिखर वाढलेले दिसेल, कारण कोंडलेला वायू बदलला. उपाय यांत्रिकच: मधोमध भोक असलेले स्क्रू वापरायचे आणि वेल्ड फक्त व्हॅक्यूमच्या बाजूने करायचा.

थंड यंत्रांत आणखी एक जात भेटते. खोलीच्या तापमानाला जोड घट्ट, द्रव नायट्रोजनच्या ७७ केल्विनला किंवा द्रव हेलियमच्या ४.२ केल्विनला गेल्यावर वेगवेगळे धातू वेगवेगळे आकसतात आणि चीर उघडते. असा भाग जोडण्याआधी द्रव नायट्रोजनमध्ये तीन वेळा बुडवून, पुन्हा गरम करून हेलियमने तपासावा. तपासणीत एक दिवस जातो, क्रायोस्टॅट (अतिथंड भाग ठेवायचे बंद भांडे) पुन्हा उघडण्यात महिना.

दुरुस्ती

आधी सुरक्षितता. बीम आणि उच्च विद्युतदाब कुलूप लावून बंद, किरणोत्सर्ग मापून मगच आत, आयन पंपाचा पुरवठा बंद. त्यावर ५ ते ७ हजार व्होल्ट असतात. खड्ड्यात थंड नायट्रोजन किंवा एसएफ-६ (सल्फर हेक्झाफ्लोराइड) वायू खाली साठतो, हेलियम छताखाली. ऑक्सिजन १९.५ टक्क्यांखाली गेला की बाहेर.

कॉन्फ्लॅट फ्लॅंज गळत असेल तर प्रथम दोन फ्लॅंजमधली फट बघा. फट सगळीकडे सारखी नसेल तर समोरासमोरचे बोल्ट क्रमाने आवळा, एका वेळी आठवा भाग फेरा. दोन्ही धातू आधीच टेकले असतील तर आणखी आवळून काही मिळत नाही, फक्त बोल्ट ताणले जातात. गॅस्केट बदलायला हवी.

सेक्टर कोरड्या नायट्रोजनने भरा, द्रव नायट्रोजनच्या टाकीतून उकळून येणारा वायू सर्वात कोरडा. भरताना रिलीफ व्हॉल्व्ह असलाच पाहिजे, नाहीतर खिडकी किंवा बेलोज बाहेरच्या बाजूला फुगेल. फ्लॅंज उघडी असेपर्यंत आतून नायट्रोजनचा हलका झोत चालू ठेवा. मुंबईच्या पावसाळ्यात हे पाळले नाही तर भिंतींना चिकटलेले पाणी काढायला आठवडा जातो.

जुनी गॅस्केट सरळ फेकू नका. तिच्यावर सुरीसारख्या कडेचा ठसा उमटलेला असतो. ठसा एका बाजूला खोल आणि दुसरीकडे उथळ असेल तर आवळणी वाकडी होती. ठशाला आडवी, आतून बाहेर जाणारी रेघ असेल तर दोष गॅस्केटचा की फ्लॅंजच्या कडेचा हे भिंगाने बघा. गोलाकार ओरखडे बहुधा चालून जातात. आडवा ओरखडा म्हणजे हवेला तयार रस्ता. कडेला खाच पडली असेल तर मऊ केलेली तांब्याची गॅस्केट कधी कधी वेळ निभावते, पण त्या फ्लॅंजची बदली यादीत घालाच.

नवी गॅस्केट ऑक्सिजनमुक्त तांब्याची, २ मिलिमीटर जाड. ती नायट्राइलच्या हातमोज्यांनी, कडेला धरून बसवा. बोल्ट चांदीचा मुलामा दिलेले किंवा मॉलिब्डेनम डायसल्फाइड लावलेले. कोरडे स्टीलचे बोल्ट भाजल्यावर जागेवरच जाम होतात. ७० मिलिमीटरच्या फ्लॅंजला एम-६ चे ६ बोल्ट लागतात, १५२ मिलिमीटरच्या फ्लॅंजला एम-८ चे १६. अंतिम आवळणी एम-६ साठी साधारण १० आणि एम-८ साठी २० न्यूटन-मीटरच्या आसपास, पण निर्मात्याच्या तक्त्यातला आकडा शेवटचा. तीन-चार फेऱ्यांत तिथवर या. अर्ध्या तासाने तांबे थोडे दबून सैल होते, तेव्हा आणखी एक फेरी.

बेलोज गळत असेल तर दुरुस्तीचा मोह नको. त्याची भिंत मिलिमीटरच्या अंशाइतकी पातळ असते. समुद्राकाठच्या खाऱ्या दमट हवेत क्लोराइडने पडलेले एक भोक सापडते, तेव्हा शेजारी आणखी दहा तयार होत असतात. बदला. सिरॅमिक फीडथ्रूचेही तेच.

वेल्डमधली गळती घासून काढून आतून टिग पद्धतीने (टंगस्टनच्या टोकावरच्या विद्युत ज्वालेने) पुन्हा वेल्ड होते. पण त्या जागी आधी कुणी इपॉक्सी फासले असेल तर त्याचा अंश जळून नवी छिद्रे पडतात. म्हणून इपॉक्सी लावणे हा निर्णय असतो, सोय नव्हे: तो जोड पुढे वेल्ड होणार नाही, १२० अंशांच्या वर भाजता येणार नाही, आणि किरणोत्सर्गाने काही काळात ठिसूळ होईल. बीम महिनाभर चालवायचाच असेल तर त्याहून बरा उपाय आहे: गळक्या जोडाभोवती बाहेरून छोटे कवच बांधून त्यात वेगळा रफिंग पंप लावा. कवचातला दाब १ मिलिबारवर आणला की आत येणारी हवा किमान हजारपटीने कमी होते.

भाजणे आणि सोपवणे

दुरुस्तीनंतर आधी थंड अवस्थेत हेलियमची तपासणी, प्रत्येक जोड मायनस १० च्या खाली. मगच भाजणे. स्टेनलेस स्टीलला १५० ते २५० अंश सेल्सिअस, २४ ते ४८ तास. लायगोच्या अमेरिकेतल्या नळ्या १५० ते १७० अंशांवर ३० दिवस भाजल्या होत्या, आणि त्यासाठी नळीतूनच विद्युतप्रवाह सोडला होता. व्हायटन असेल तर १५० च्या वर जाऊ नका.

तापवताना आणि थंड करताना तासाला ३० अंशांपेक्षा जास्त घाई नको. पातळ नळी लवकर तापते, जाड फ्लॅंज मागे राहते, आणि तेवढ्या फरकाने चांगला जोड गळू लागतो. दोन्हीवर वेगवेगळे थर्मोकपल (तापमान मोजणाऱ्या तारा) लावा. नळी अजून कोमट असताना गेज आणि आरजीए यांच्या तारा तापवून वायुमुक्त करा. पूर्ण थंड झाल्यावर पुन्हा आरजीए, ४० कडे नीट बघून, आणि पुन्हा एकदा सगळ्या जोडांवर हेलियम. बहुतेक नव्या गळत्या थंड होतानाच जन्मतात.

सुट्या भागांचे सरकारी गणित आधी जमवा. ज्या निर्मात्याचा बेलोज किंवा फीडथ्रू दुसरे कुणी बनवत नाही, त्याची खरेदी सर्वसाधारण वित्तीय नियम २०१७ मधल्या नियम १६६ खाली एकल निविदेने होते, आणि त्यासाठी प्रोप्रायटरी प्रमाणपत्र लागते. हे कागद यंत्र बंद पडल्यावर करायला घेतले तर दुरुस्तीपेक्षा फाइल जास्त वेळ घेते. प्रत्येक आकाराच्या दहा गॅस्केट, बोल्टचे दोन संच, एक बेलोज, एक गेज, आरजीएच्या दोन तारा आणि हेलियमचा एक भरलेला सिलिंडर कपाटात असलाच पाहिजे.

गेट व्हॉल्व्ह उघडताना शेजारच्या सेक्टरपेक्षा आपला दाब दहापटीहून जास्त नाही याची खात्री करा, आणि एका वेळी एकच व्हॉल्व्ह उघडा. मग लॉगबुकात फ्लॅंजचा क्रमांक, गळतीचा आधीचा आणि नंतरचा आकडा, आवळणी, भाजण्याचा आलेख लिहा. काढलेली गॅस्केट तारीख घातलेल्या पाकिटात त्याच पानाला लावून ठेवा.